इंजिनचा सिलेंडर : चकाकीला भुलू नका, माप घ्या

भंडारा जिल्ह्यात रोवणीचे दिवस आले आणि पाऊस लांबला, की बोडीच्या, नाल्याच्या आणि मामा तलावांच्या काठावर डिझेल इंजिने लागतात. त्याच आठवड्यात मिस्त्री लोकांच्या दारातही इंजिनांची रांग लागते. तक्रारी ठरलेल्या असतात. धूर मारते, ऑइल पिते, हँडल मारून हात दुखले तरी चालू होत नाही. मोटारसायकलवाल्यांची तक्रार वर्षभर असते : पिकअप नाही, सायलेन्सरमधून निळा धूर निघतो, आठवड्याला ऑइल टाकावे लागते.

ग्राहकाची मागणीही ठरलेली. "भाई, जास्त काम काढू नका, फक्त रिंगा टाकून द्या." मिस्त्री इंजिन खोलतो, हेड साफ करतो, जुन्या रिंगा काढून नव्या टाकतो, नवी गॅस्केट लावतो आणि इंजिन बांधतो. पंधरा दिवस बरे जातात. मग पुन्हा तोच धूर. ग्राहक म्हणतो रिंगा डुप्लिकेट होत्या. पार्टवाला म्हणतो मिस्त्रीने नीट बसवल्या नाहीत. मिस्त्री म्हणतो ग्राहकाने हलके ऑइल टाकले. तिघांचे संबंध बिघडतात आणि खरा गुन्हेगार इंजिनच्या आत सुखाने बसलेला असतो. तो म्हणजे सिलेंडरची जुनी, काचेसारखी गुळगुळीत झालेली भिंत.

रिंगा बदलण्याच्या कामात आपले बांधव पैसे कमी घेतात की जास्त, हा मुद्दा नाही. सिलेंडरचे माप न घेता आणि त्याचा पृष्ठभाग तयार न करता रिंगा टाकणे हे अर्धे काम आहे आणि अर्ध्या कामाने धंद्याचे नाव जाते, हे आमचे स्पष्ट मत आहे. वर्कशॉपमध्ये असो की घराच्या ओट्यावर, हे काम नीट करता येते. त्याला फार मोठी मशिनरी लागत नाही.

चकाकी म्हणजे सफाई नव्हे

भंडारा शहर पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाते. भांड्याच्या धंद्यात चकाकी हीच कामाची पावती असते. पण भांड्याला कल्हई करणारा कारागीर एक गोष्ट पक्की जाणतो : जुन्या मळक्या थरावर नवी कल्हई धरत नाही. आधी भांडे घासून, नवसागर लावून पृष्ठभाग मोकळा करावा लागतो, मगच कथील पकडते. सिलेंडरचे गणित याच जातीचे आहे. फरक एवढाच, की इथे चकाकी हीच दुश्मन आहे.

कारखान्यातून नवा सिलेंडर येतो तेव्हा त्याच्या भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या तिरप्या बारीक रेघा असतात. चटईच्या विणीसारखे हे जाळे मुद्दाम केलेले असते. त्याची कामे दोन. रेघांच्या खाचांत ऑइलचा पातळ थर टिकून राहतो आणि पिस्टन व रिंगांना वंगण मिळत राहते. दुसरे, रेघांच्या मधले बारीक उंचवटे सुरुवातीच्या काही तासांत नव्या रिंगांबरोबर घासले जातात आणि रिंग व भिंत एकमेकांच्या अंगाची होतात. यालाच आपण रिंग बसली असे म्हणतो. रिंग बसली की कॉम्प्रेशन वर टिकते आणि ऑइल खाली राहते.

इंजिन वर्षानुवर्षे चालले की हे उंचवटे झिजतात, खाचा जळलेल्या ऑइलच्या लुकणाने भरतात आणि भिंत आरशासारखी होते. यालाच ग्लेझ म्हणतात. इंजिन पुष्कळ वेळ बिनलोडाचे किंवा अगदी हलक्या लोडवर चालले तर ही चकाकी लवकर येते, कारण रिंगेच्या मागे गॅसचा पुरेसा दाब येत नाही आणि ऑइल भिंतीवरच भाजून बसते. मोठ्या इंजिनला छोटा पंप जोडून तासन्‌तास हळू चालवणाऱ्या शेतकऱ्याचे इंजिन म्हणूनच झिजण्याआधी चकाकते. अशा आरशावर नवी रिंग घसरत राहते, बसत नाही.

आधी माप, मग घासणे

इथे बरेच जण घाई करतात. चकाकी दिसली की पॉलिश पेपर घेतला आणि सुरू झाले. पण घासल्याने चकाकी जाते, झीज भरून येत नाही. सिलेंडर आतून मोठा झाला असेल, वर रुंद आणि खाली अरुंद झाला असेल किंवा गोल न राहता अंड्याच्या आकाराचा झाला असेल, तर कितीही सुंदर रेघा मारल्या तरी रिंग त्याला सील करणार नाही. म्हणून पहिला प्रश्न : सिलेंडर घासण्याच्या लायकीचा उरला आहे काय?

सिलेंडरची झीज सगळीकडे सारखी होत नाही. सर्वांत जास्त झीज वरच्या भागात, जिथे टॉप रिंग येऊन थांबते तिथे होते. तिथे उष्णता आणि दाब जास्त असतो आणि ऑइल कमी. दुसरे म्हणजे पिस्टन ज्या बाजूला रेटला जातो त्या बाजूला झीज अधिक होते. त्यामुळे बोअर गेजने मोजायचे असेल तर वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या दिशेने एकदा व तिच्या काटकोनात एकदा, अशी एकूण सहा मापे घ्यावीत. ती कागदावर लिहावीत. डोक्यात ठेवलेले माप दुपारपर्यंत विसरते.

बोअर गेज नसेल तर? त्यासाठीही उपाय आहे आणि तो साध्या फिलर गेजने होतो. एक नवी रिंग सिलेंडरमध्ये घाला आणि पिस्टन उलटा करून तिला सरळ, सपाट ढकला. आधी खालच्या, कमी झिजलेल्या भागात नेऊन रिंगेच्या तोंडातील फट मोजा. मग तीच रिंग वर, टॉप रिंगेच्या जागी आणून फट मोजा. दोन्ही मापांतील फरकाला 3.14 ने भागा. जे उत्तर येईल तेवढा सिलेंडरचा व्यास वर वाढलेला आहे. समजा खाली फट 0.20 मिमी आणि वर 0.50 मिमी भरली. फरक 0.30 मिमी. म्हणजे व्यासात साधारण 0.10 मिमीची झीज आहे. 50 मिमी बोअरच्या मोटारसायकलच्या सिलेंडरला एवढी झीज पुष्कळ झाली. तिथे होन फिरवण्याऐवजी रिबोअरचाच विचार करावा. अखेरचा शब्द मात्र त्या इंजिनच्या कंपनी पुस्तकातील मर्यादेचा.

या रीतीने सिलेंडर अंडाकृती झाला आहे की नाही ते कळत नाही, ही तिची मर्यादा लक्षात ठेवावी. तरी अंदाजाने काम करण्यापेक्षा ती शंभर पटीने बरी.

नव्या रिंगेच्या फटीचाही ठोकताळा आहे. दर 25 मिमी बोअरला साधारण 0.08 ते 0.10 मिमी फट असावी. म्हणजे हिरो होंडा स्प्लेंडर किंवा यामाहा आरएक्स 100 यांच्या 50 मिमी बोअरला सुमारे 0.16 ते 0.20 मिमी, आणि शेतीत फार चाललेल्या किर्लोस्कर एव्ही-1 या 5 हॉर्सपॉवरच्या इंजिनच्या 80 मिमी बोअरला सुमारे 0.26 ते 0.32 मिमी. 6 हॉर्सपॉवरच्या जुन्या लिस्टर छापाच्या इंजिनचा बोअर 114.3 मिमी आहे, त्याला फट त्या हिशेबाने आणखी मोठी. कंपनीने वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरावा. फट फार कमी ठेवली तर रिंग तापून दोन्ही टोके एकमेकांना भिडतात, भिंतीला ओरखडे पडतात आणि रिंग तुटते.

वरच्या टोकाला नख फिरवून पाहणे ही जुन्या उस्तादांची सवय होती. ती सोडू नये. टॉप रिंग जिथपर्यंत जाते त्याच्या वर न झिजलेली पट्टी उरते आणि तिथे काठ तयार होतो. नख त्या काठाला अडकले तर नवी, धारदार कोपऱ्याची टॉप रिंग त्यावर आदळून तुटू शकते. तो काठ काढल्याशिवाय रिंगा टाकू नयेत.

होन कसा फिरवावा

माप पुस्तकातील मर्यादेत आहे, फक्त चकाकी आहे, एवढी खात्री झाली की होन हातात घ्यावा. बाजारात दोन प्रकारचे होन मिळतात. एक तीन दगडांचा, स्प्रिंगवर उघडणारा. दुसरा ब्रशसारखा, ज्याच्या तारांच्या टोकांना घासणारे गोळे असतात. टू-स्ट्रोक इंजिनच्या सिलेंडरला भिंतीत पोर्ट असतात. तीन दगडांच्या होनची टोके त्यात अडकून दगड फुटतो आणि पोर्टची कडही जाते. तिथे गोळ्यांचा होनच वापरावा आणि नंतर पोर्टच्या कडा हलक्या हाताने मोडाव्यात. साध्या बीडाच्या सिलेंडरला साधारण 220 ते 280 नंबरचा दगड चालतो. रिंगेच्या पाकिटावर काही सूचना असेल तर ती आधी वाचावी.

शक्य असेल तर सिलेंडर इंजिनवरून काढून टेबलावर पक्का धरावा. काढता येत नसेल तर खाली क्रँकवर कापड असे गच्च बसवावे, की घासलेल्याचा एक कणही आत जाणार नाही. भिंतीला पातळ ऑइल भरपूर लावावे. ड्रिलला ठिणगी असते, म्हणून पेट्रोल लावून होन चालवण्याचा जिवावरचा खेळ कोणीही करू नये. ड्रिल हळू, मिनिटाला 300 ते 500 फेऱ्यांच्या आसपास ठेवावा आणि होन एका लयीत वर-खाली करावा. एका जागी क्षणभरही थांबू नये, नाहीतर तिथे खड्डा पडतो. होन बाहेर काढताना तो फिरत असतानाच काढावा, म्हणजे उभा ओरखडा येत नाही.

दहा-पंधरा सेकंद झाले की थांबून पुसून पाहावे. रेघा एकमेकांना साधारण 45 ते 60 अंशांत छेदताना दिसल्या पाहिजेत. रेघा फार आडव्या असल्या तर हात हळू चालला, फार उभ्या असल्या तर ड्रिल हळू फिरला असे समजावे. संपूर्ण भिंत एकसारखी मळकट-राखाडी दिसली की काम झाले. मधेच चकाकणारे डाग उरले तर तिथे भिंत खोल गेली आहे, म्हणजे मापात काहीतरी सुटले आहे. ते डाग घालवण्यासाठी घासत बसू नये. पुन्हा मोजावे.

पॉलिश पेपरने बोटांनी गोल गोल घासण्याची आपल्याकडची रीत सोडलेली बरी. हाताचा दाब सगळीकडे सारखा पडत नाही आणि रेघा आडव्या येतात. गोल रेघांवर रिंग नीट बसत नाही आणि वर-खाली घासले तर उभ्या रेघांतून गॅस खाली उतरतो.

दोन ठिकाणी मात्र होन बाजूलाच ठेवावा. जुन्या रेघांचे जाळे अजून स्पष्ट दिसत असेल आणि माप बरोबर असेल, तर काही इंजिन कंपन्या भिंतीला हातच लावू नका असे सांगतात आणि ते बरोबर आहे. दुसरे, केटीएम ड्यूकसारख्या नव्या गाड्यांत अॅल्युमिनियमच्या सिलेंडरवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा कठीण, पातळ मुलामा असतो. तिथे आपल्या साध्या दगडाचे काम नाही, आणि मुलामा एकदा खराब झाला की सिलेंडरच बदलावा लागतो. भिंतीला चुंबक घट्ट चिकटला तर आत लोखंडी स्लीव्ह आहे असे समजावे. शंका असेल तर आधी चौकशी, मग ड्रिल.

धुण्याचा आळस महागात पडतो

चांगला होन केलेला सिलेंडरही धुण्याच्या चुकीने खराब होतो, आणि आमच्या मते सर्वांत जास्त नुकसान इथेच होते. होन केल्यावर भिंतीच्या खाचांत दगडाची आणि लोखंडाची बारीक भुकटी भरलेली असते. पेट्रोलने किंवा रॉकेलने पुसले की वरचे ऑइल निघून जाते आणि भिंत स्वच्छ दिसते, पण भुकटी खाचांतच राहते. इंजिन चालू झाल्यावर तीच भुकटी ऑइलबरोबर फिरते आणि नव्या रिंगा, पिस्टन व बेअरिंग यांना आतून घासत राहते. मिस्त्री स्वतःच्या हाताने इंजिनमध्ये वाळू टाकतो असेच म्हणावे लागेल.

उपाय अगदी घरगुती आहे. गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि ताठ ब्रश. फेसाने दोन-तीनदा खाचांच्या दिशेने घासून धुवावे. मग कोरडे करून पांढऱ्या कापडाला थोडे ऑइल लावून भिंत पुसावी. कापडावर काळपट-राखाडी डाग आला तर पुन्हा धुवावे. कापड पांढरे निघेपर्यंत धुणे थांबवू नये. आणि कोरडे होताच ऑइल लावावे, कारण बीड उघडे राहिले तर आपल्या पावसाळी हवेत पाहता पाहता गंज धरते.

बोअरिंगवाल्याकडे जाताना

माप मर्यादेबाहेर गेले असेल तर काम घरी होणार नाही. ते बोअरिंग मशीनवरच व्हायला हवे आणि त्यात कमीपणा काही नाही. नागपूर भंडाऱ्याहून सुमारे 60 किलोमीटरवर आहे. पण जाताना नवा पिस्टन सोबत न्यावा. ओव्हरसाइज पिस्टन 0.25, 0.50, 0.75 आणि 1.00 मिमी अशा पायऱ्यांनी येतात, आणि हातातल्या पिस्टनचे माप घेऊनच बोअर करायचा असतो. आधी बोअर मग पिस्टन ही उलटी गंगा आहे. बोअर झाल्यावर शेवटचा होन झाला आहे ना, हे भिंतीवर बोट आणि उजेड टाकून पाहून घ्यावे. बोअरिंगच्या टूलचे आडवे आटे तसेच ठेवलेला सिलेंडर घरी आणू नये. ज्या डिझेल इंजिनला बदलता येणारा लायनर आहे, तिथे नव्या लायनरचा भावही विचारावा. पुष्कळदा तेच परवडते.

इंजिन बांधल्यावर ते दोन-तीन तास बिनलोडाचे फुरफुरत ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. लोकांना वाटते, त्याने रिंगा हळूहळू बसतात. होते उलटेच. आपण काढलेली चकाकी त्या दोन-तीन तासांतच परत येऊ लागते. इंजिन गरम झाले, ऑइलची गळती नाही हे पाहिले, की मध्यम लोड द्यावा, कमी-जास्त करत चालवावे आणि पहिले ऑइल लवकर बदलावे. हंगाम संपल्यावर इंजिन बंद ठेवायचे असेल तर सिलेंडरमध्ये थोडे ऑइल घालून क्रँक हाताने फिरवून ठेवावा, हेही शेतकऱ्याला आवर्जून सांगावे.

मापाची मजुरी मागा

काही बांधव म्हणतील, एवढे कोण करते? ग्राहक मजुरी देत नाही. अडचण खोटी नाही. पण ग्राहक न दिसणाऱ्या कामाचे पैसे देत नाही, हे धंद्याचे जुने सत्य आहे. म्हणून माप दिसले पाहिजे. बिलावर किंवा साध्या चिठ्ठीवर लिहा : सिलेंडर वर इतका, खाली इतका, रिंगेची फट इतकी, होन केला किंवा रिबोअर आवश्यक. ग्राहकाला रिबोअर परवडत नसेल आणि तो तरीही फक्त रिंगाच मागत असेल, तर तेही त्याच चिठ्ठीवर लिहून त्याला समजावून द्या. पुढे धूर निघाला तर भांडण होणार नाही. मापात पाप नको असे आपण दुकानदाराला सांगतो. मिस्त्रीने माप न घेताच निकाल देणे हे त्याच जातीचे पाप आहे. गरज नसताना रिबोअर सांगणे हेही त्यातच आले.

अवजारांचा प्रश्न उरतो. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय घेण्यात आले आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत ठरवण्यात आली. लोहार आणि कुलूपवाले त्या यादीत आले, पण मोटार मेकॅनिकचे नाव नव्हते. ही मागणी संघटनांनी लावून धरावी. तोवर हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. एका बाजारातल्या चार-पाच दुकानांनी मिळून एक बोअर गेज, एक मायक्रोमीटर आणि दोन मापांचे होन घ्यावेत आणि आळीपाळीने वापरावेत. कर्ज नको, व्याज नको. ज्याच्याकडे अवजार असेल त्याने वहीत नोंद ठेवावी, म्हणजे गेज हरवल्यावरून मैत्री हरवणार नाही. आयटीआयमधून मेकॅनिक डिझेल किंवा मोटार मेकॅनिकचा कोर्स करून आलेल्या मुलाला गेज वाचता येतो आणि जुन्या उस्तादाला इंजिनचा आवाज वाचता येतो. हे दोघे एका बाकावर बसले तर दोघांचाही फायदा आहे.

वीजपंप आणि आता सौर पंप यांमुळे डिझेल इंजिनाचे काम पूर्वीसारखे राहिलेले नाही. नव्या गाड्या वॉरंटीपर्यंत शोरूमकडेच जातात. आपल्या वाट्याला उरतात त्या जुन्या गाड्या आणि जुनी इंजिने, आणि त्यांचे मालक बहुधा असे असतात ज्यांना दुसऱ्यांदा इंजिन खोलणे परवडत नाही. रोवणीच्या आठवड्यात बंद पडलेले इंजिन म्हणजे वाळणारे पऱ्हे. त्या माणसाने आपल्या हातात फक्त इंजिन दिलेले नसते, हंगाम दिलेला असतो. तेव्हा पुढच्या वेळी हेड उघडल्यावर आत आरसा दिसला, तर रिंगांचे पाकीट फोडण्याआधी फिलर गेज उचला.